बनवाबनवी चालूच आहे

१९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’ या सिनेमाची गोष्ट साधी आहे. पुण्यात भाड्याची खोली हवी, मालकीणबाई फक्त जोडप्यांनाच देणार, म्हणून दोघे गडी साडी नेसून बायका होतात. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’मधली ही अडचण सचिन पिळगावकरांनी मराठीत आणली आणि आपण ती कायमची ठेवून घेतली.

शिरवळला याची खात्री पटते. पुण्याहून पन्नासेक किलोमीटर, महामार्गालगत एमआयडीसी, आणि गावोगावहून आलेली बिनलग्नाची पोरं. रात्रपाळी संपली की ती याच सिनेमातल्या अशोक सराफ-लक्ष्मीकांत बेर्डेंचे मीम बघून खो खो हसतात. घरमालकही तेच मीम सकाळी सातला ‘शुभ सकाळ’च्या पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलतात. दहाला मात्र दारात उभ्या पोराला विचारतात, “फॅमिली आहे का?” नसेल तर खोली नाही. असेल तर पाणी एक दिवसाआड.

जुन्या आठवणींचं हे बरं असतं. तिथे भाडं नाही, डिपॉझिट नाही, अकरा महिन्यांनी करार संपत नाही. थोरल्यांनी धाकट्यांना राहायला एवढी एकच जागा मोकळ्या मनाने दिली आहे, तीही मोबाइलच्या पडद्याएवढी.

शिवाय सिनेमात निदान साडीवर भागलं. आता आधार कार्डाची झेरॉक्स मागतात आणि तिच्यावर ‘पुरुष’ असं ठळक छापलेलं असतं.