सग्वारो, सुतळी आणि गोंद

मिश्रमाध्यम म्हणजे जलरंग, मेणखडू, कागद, कापड, सुतळी अशा एकमेकांशी कसलीच सोयरीक नसलेल्या वस्तूंना एकाच चित्रात नांदायला लावणारी कलारीत. अमेरिकेतील प्राथमिक शाळांत या रीतीने ‘वाइल्ड वेस्ट’, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील काउबॉयचा पश्चिम मुलूख, साकारला जातो, तेव्हा पश्चिमेच्या आधी मुलांच्या बाह्या रंगतात.

कृती वरवर सोपी असते. जाड कागद ओला करून त्यावर पिवळा, नारिंगी आणि जांभळा रंग सोडला, की सूर्यास्त होतो. रंग ओला असतानाच त्यावर मीठ भुरभुरले, तर प्रत्येक कण भोवतीचे रंगीत पाणी ओढून घेतो आणि वाळल्यावर फिकट चांदण्या उमटतात, मात्र मूठभर मीठ ओतणाऱ्या उत्साही कलावंताच्या आभाळात केवळ मिठागर उरते. वाळवंटासाठी पॉलिशपेपर, टोपीसाठी चुरगाळलेला खाकी कागद आणि गुरे पकडण्याच्या फासासाठी, म्हणजे लॅसोसाठी, सुतळी वापरली जाते. गोंदाचा जीव मात्र कागदापेक्षा बोटांवरच अधिक जडतो.

या चित्रात दोन्ही हात वर करून उभा असलेला निवडुंग अनिवार्य असतो. ‘सग्वारो’ नावाचा हा निवडुंग नैसर्गिकरीत्या केवळ सोनोरा वाळवंटात, मुख्यतः दक्षिण ॲरिझोना आणि मेक्सिकोतील सोनोरा प्रांतात उगवतो आणि त्याला पहिला हात फुटायला सहसा 50 ते 75 वर्षे लागतात. दुसरीतला विद्यार्थी हेच काम कात्रीने पाच मिनिटांत उरकतो आणि झाड टेक्सासात नेऊन चिकटवतो, जेथे ते रानात मुळीच उगवत नाही.

तथापि या चुकीबद्दल मुलाला कोपऱ्यात उभे करण्याआधी काउबॉयची वंशावळ तपासणे इष्ट ठरते. त्याचे कसब आणि लॅसो हा शब्दही स्पॅनिश भाषक ‘वाकेरो’ गुराख्यांकडून आलेला. त्याची सुप्रसिद्ध टोपी जॉन स्टेटसन यांनी 1865 मध्ये ज्या फिलाडेल्फियात बनवायला घेतली, ते शहर देशाच्या पूर्व टोकाला. आणि टेक्सासहून रेल्वे स्थानकांपर्यंत गुरांचे तांडे हाकण्याचा त्याचा वैभवकाळ जेमतेम 20 वर्षांचा, कारण 1874 मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी एकस्व मिळवलेल्या काटेरी तारेने पुढे मोकळी कुरणे बंदिस्त केली. सारांश, काउबॉय हाच मुळात इकडचे-तिकडचे तुकडे जोडून झालेला कोलाज, म्हणजे चिकटचित्र, आहे.

कलेच्या इतिहासातही या मुलांची बाजू भक्कम आहे. पिकासोने 1912 मध्ये एका स्थिरचित्रावर वेताच्या विणीचे छापील मेणकापड चिकटवून भोवती खरी दोरी गुंडाळली, तेव्हा ती आधुनिक कलेतील क्रांती ठरली. सुतळी चिकटवणाऱ्या बालकाला मात्र आधी हात धुण्यास सांगितले जाते. म्हणून असे चित्र घरी आल्यास पालकांनी भूगोल तपासू नये. गोंद वाळला आहे की नाही, एवढेच पाहावे आणि मगच ते भिंतीवर लावावे.