नऊ टोपल्यांचा जिल्हा

परभणीविषयी लिहिणाऱ्या प्रवाशाची मुख्य अडचण अशी, की तो बहुधा परभणीला आलेलाच नसतो. तो परभणीवरून गेलेला असतो. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरची गाडी इथे थांबते. परळीला जाणारे इथे गाडी बदलतात, अकोल्याला जाणारे तोच उद्योग पूर्णेला करतात, आणि जिल्ह्याचे वर्णन फलाटावरच्या चहाइतके पातळ राहते. खरे प्रवासवर्णन रस्ता चुकल्यावर सुरू होते, पण हल्ली खिशातला फोन कुणाला चुकू देत नाही. तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की परभणी जिल्हा पाहायला निघालेल्या माणसाच्या हातात नकाशा देऊ नये, प्लॅस्टिकची एक तबकडी द्यावी. आणि ती त्याला सरळ फेकता येत नसावी, ही अट घालावी. डिस्क गोल्फ नावाच्या खेळाचा मूळ नियम असा आहे, की तबकडी जिथे पडेल तिथे जाऊन तिथूनच पुढची फेक करायची, ती ठरलेल्या टोपलीत पडेपर्यंत. पट्टीचा खेळाडू तीन फेकींत टोपली गाठतो आणि वाटेतले काही पाहत नाही. नवशिका सात फेकी घेतो. त्यात तो एका लिंबाच्या झाडाखाली, एका बाभळीत आणि पेन्शनरांच्या बाकापाशी जाऊन येतो. जिल्हा कुणी जास्त पाहिला, हे सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेचे खूळ इथे कशाला? खूळ अमेरिकेचे आहे हे कबूल. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले आणि पुढे साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली तयार केली. तबकडी साखळ्यांवर आपटते, खळखळाट होतो आणि ती खालच्या टोपलीत पडते. पण त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, कॅनडातल्या ब्लॅडवर्थ या गावच्या शाळकरी पोरांनी पत्र्याची झाकणे फेकून हाच खेळ मांडला होता. झाकणाला कुठला आलाय देश? टोपली येण्यापूर्वी लोक झाडाला, दिव्याच्या खांबाला, कचऱ्याच्या डब्याला नेम धरून खेळत, आणि एवढे साहित्य आपल्या कोणत्याही नगरपालिकेकडे असते. निदान खांब आणि झाड तरी. नेमाची सवय म्हणाल, तर ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकणाऱ्या जिल्ह्याला ती नव्याने लावावी लागणार नाही. विटीदांडूत गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूला लांबून विटी मारताना तरी दुसरे काय करतात? राहिली भीती अशी, की तबकडी घरी नेऊन कुणी तिच्यात जेवायला बसेल. जरूर बसावे. फ्रिस्बी हे नावच मुळी कनेक्टिकटमधल्या फ्रिस्बी नावाच्या बेकरीवरून आले. तिथल्या पायच्या रिकाम्या थाळ्या पोरे भिरकावत. परभणीत तबकडीत हुरडा वाढला गेला, तर ती आपल्या घराण्याच्या मूळ धंद्याला लागली असेच म्हणावे लागेल.

छोट्या, नवशिक्यांच्या मैदानात साधारणपणे नऊ टोपल्या असतात, आणि परभणी जिल्ह्यात तालुकेही नेमके नऊ आहेत. पूर्वी जिल्हा फार अघळपघळ होता. १९८१ मध्ये परतूर जालन्याला गेले, १ मे १९९९ला हिंगोली वेगळा झाला, आणि उरलेला जिल्हा नवशिक्याला झेपेल अशा मापाचा झाला. शासनाच्या मनात तेव्हा डिस्क गोल्फ नसेल, पण सोय झाली हे खरे. म्हणून परभणीतल्या एखाद्या बागेत नऊ टोपल्या नकाशाबरहुकूम मांडाव्यात आणि त्यांना तालुक्यांची नावे द्यावीत. आपण प्रदक्षिणा उजवीकडून घालणारी माणसे. तेव्हा उत्तरेला जिंतूरपासून निघून पूर्वेला पूर्णा, मग पालम, दक्षिणेला गंगाखेड, पुढे सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू आणि शेवटी मधोमध परभणी. इथे पदार्थविज्ञान आडवे येते. उजव्या हाताने, हात छातीकडे वळवून नेहमीसारखी फेकलेली तबकडी वेग ओसरला की डावीकडे कलते. या प्रदक्षिणेत डावीकडे म्हणजे जिल्ह्याबाहेर. त्यामुळे जिंतूरहून निघालेला नवशिका हिंगोलीत पडणार, पालमचा नांदेडात, गंगाखेडचा लातुरात, सोनपेठचा बीडमध्ये आणि सेलूकडे निघालेला जालन्यात. हद्दीबाहेर गेल्याचा दंड एक फेक. डावखुऱ्यांची तबकडी तेवढी जिल्ह्यात राहील. मराठवाड्यात उजव्या हाताची माणसे जास्त असल्याने ही मांडणी पाच शेजारी जिल्ह्यांशी संबंध वाढवणारी आहे, हा तिचा दोष नव्हे.

टोपल्यांचे स्वभावही सारखे नकोत. जिंतूर ते पूर्णा हे नकाशावर सगळ्यांत लांब अंतर. तिथे एक फेक जास्त मंजूर करावी. जिंतूरची टोपली थोड्या उंचवट्यावर हवी, नेमगिरीच्या टेकडीतल्या जैन लेण्यांचा मान राखायला, आणि पायथ्याशी येलदरी धरणासाठी एखादे डबके. चारठाण्याची जुनी देवळे याच तालुक्यातली. नवशिका तिथे भरकटला तर त्याला लगेच परत बोलावू नये. गंगाखेडची टोपली पाण्याकाठी, कारण तिथे गोदावरी आहे. संत जनाबाईंचे हे जन्मगाव. बहुतेक तबकड्या पाण्यात बुडतात, आणि गंगाखेडच्या घाटावर बुडण्याला एक वेगळे गांभीर्य आहे. हेड्रिक २००२ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या काढल्या गेल्या. त्यातली एखादी इथे येऊन पाण्यात पडली, तर क्रियाकर्माचे काय करायचे हे घाटावरचे गुरुजी सांगतीलच. त्यांना याहून अवघड प्रश्न येत असतात. शेवटची टोपली परभणीची. तिच्यावर फलक लावायची गरज नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे वाक्य गावाच्या नावाशी इतकी वर्षे चिकटलेले आहे, आणि टोपलीपासून पाच पावलांवर उभ्या असलेल्या खेळाडूची मनःस्थिती याहून नेमकी कुणी सांगितलेली नाही.

हवामानाचा आक्षेप अर्धाच खरा आहे. मे महिन्यात इथे दुपारी कुणी तबकडी फेकणार नाही. मे महिन्यात इथे दुपारी कुणी काहीच करत नाही. पण हिवाळ्यात इथल्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीतला पारा इतका खाली जातो, की परभणी थेट राज्याच्या बातम्यांत येते, आणि अशा पहाटे चालायला निमित्त लागते. काळ्या मातीचा आक्षेप जास्त वजनदार आहे, पावसाळ्यात तर चपलेला अक्षरशः वजन येते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिने घरांच्या भिंती सोडल्या नाहीत, तिथे टोपलीच्या खांबाचे काय? खांबाच्या तळाशी आणि फेकण्याच्या जागी मुरूम भरावा. तरीही दोन पावसाळ्यांत खांब कलेल. कलू द्या. वाकड्या फेकीला वाकडी टोपली कधीकधी सरळच पडते.

एका आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवतो. ही तबकडी समुद्रकिनाऱ्यावरच्या खेळण्यासारखी हलकी नसते. दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम वजन, कडा टणक. संध्याकाळी झोपाळ्यांभोवती पोरे असतात, वाटेवर आजी-आजोबा असतात, आणि भेळ खाणाऱ्याला आकाशाकडे पाहायची सवय नसते. तेव्हा गर्दीच्या बागेत हा खेळ नकोच. विद्यापीठाची विस्तीर्ण जमीनही मोहात पाडते, पण ‘परभणी क्रांती’ भेंडी आणि ‘परभणी शक्ती’ ज्वारी ज्या संस्थेने दिली, तिच्या प्रयोगाच्या वाफ्यात आपली तबकडी पडली तर एखाद्या शास्त्रज्ञाचा हंगाम वाया जाईल. बागेचा ओसाड कोपरा, पहाटेची वेळ, चाळीस-पन्नास मीटरची अंतरे, सगळ्यांत हळू जाणारी पटर तबकडी, आणि समोर माणूस दिसला तर थांबायचे: एवढ्यावर भागते. चाळीस मीटरमध्येही नवशिक्याला भरकटायला भरपूर वाव असतो.

राहता राहिला मोजणीचा प्रश्न. या खेळात एरवी पंच नसतो. फेकी खेळाडूच मोजतात, चूक सोबत्यांनीच दाखवायची. परभणीत हे चालेल का? ज्यांनी विटीदांडूत ‘वकट, लेंड, मूंड’ मोजताना दांडूच्या टोकावरून सोबत्यांशी भांडणे केली आणि तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्याशीच खेळले, त्यांना हे जड जाऊ नये. तबकडी नेमकी कुठून हद्दीबाहेर गेली यावर एकमत झाले नाही, तर सोबतच्या खेळाडूंचे बहुमत मानायचे, असा रिवाज आहे. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून पाथरी आणि शिर्डी यांच्यात वाद पेटला आणि शिर्डीने गाव बंद ठेवले, तेव्हा हा रिवाज कुणाला सुचला नाही. सुचला असता तरी बहुमत कुणाचे घ्यायचे यावर दुसरा बंद झाला असता. म्हणून सहाव्या, म्हणजे पाथरीच्या, टोपलीपाशी थोडा जास्त वेळ धरून ठेवावा, आणि मागून येणाऱ्या मंडळींना खुशाल पुढे जाऊ द्यावे. मानवतची टोपली तिथून जवळच आहे.