तीन ताऱ्यांनंतरचा सामना

वाट पाहण्याचा सगळ्यांत सुखाचा वार कोणता, हे माणूस कुठे नोकरी करतो त्यावर ठरते. मुंबईत तो शुक्रवार, रियाधमध्ये गुरुवार. गुरुवारची दुपार कलली की इथल्या कचेरीत कुणाचेच लक्ष समोरच्या कागदावर राहत नाही. त्याची भरपाई रविवारी होते. जग लोळत असताना आम्ही मुकाट कामाला बसतो आणि नेमका तेव्हाच गावाहून आईचा फोन येतो, "आज रे कसलं ऑफिस?" नारायण मेघाजी लोखंडे यांनी खटपट करून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. खंडोबाचा तो वार अरबी समुद्र ओलांडताना वाटेत कुठेतरी उतरून गेला, हे तिला कसे पटवायचे?

सुट्टीसुद्धा वाळूच्या टेकडीसारखी सरकत असते. २०१३ च्या जूनपर्यंत सौदी अरेबियात ती गुरुवार-शुक्रवार होती. जगाच्या बँका आणि बाजार यांच्याशी मेळ बसावा म्हणून राजे अब्दुल्ला यांनी ती शुक्रवार-शनिवार केली. कारण निव्वळ व्यवहाराचे; पण त्या फर्मानाने शनिवार या देशात सरकारी सुट्टीचा झाला, आणि त्याचा विचार करताना मला दर वेळी आमच्या कोकणातले शनिवार तेली आठवतात.

अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यातले हे बेने इस्रायल ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या जहाजातून आपले पूर्वज वाचले, असे ते सांगत आले. त्यांनी तेलाचे घाणे घातले, मराठी आपली केली आणि शनिवारी मात्र बैल सोडून ठेवला. का, कशासाठी, कोणत्या ग्रंथात लिहिले आहे, असे गावाने विचारले असेल असे मला वाटत नाही. शनिवारी तेल मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवायचे आणि शुक्रवारीच बुधली भरून आणायची. इतका सोपा सर्वधर्मसमभाव पुढे कुठल्या परिसंवादात ऐकल्याचे आठवत नाही.

त्या तेल्यांचा एखादा पणतू मी मनातल्या मनात रियाधला नोकरीला आणतो, आणि त्याला फुटबॉलचे वेड लावून देतो. फुटबॉलवेड्या श्रद्धाळू ज्यूइतका अडचणीत सापडलेला प्राणी विरळा. शब्बाथ, म्हणजे त्याचा विश्रांतीचा वार, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसल्यावर सुटतो. तोवर गाडी नाही, पैसा नाही, टीव्हीचे बटणही नाही. आणि इंग्लंडातले सामने परंपरेने शनिवारी दुपारी तीनला! डिसेंबरातल्या लंडनमध्ये तर शब्बाथ आणि सामना जवळपास एकाच वेळी संपतात. तारे उगवतात ते निकाल सांगायलाच. खुद्द इस्रायलमध्ये शनिवारच्या सामन्यांचे भांडण २०१५ मध्ये न्यायालयापर्यंत गेले.

रियाधमध्ये मात्र माझ्या तेल्याला वेगळाच अनुभव येतो. इथे उन्हापुढे कुणाचे चालत नाही, म्हणून खेळ संध्याकाळनंतरच रंगतो. आणि सामन्यांच्या वेळा मगरीब व इशा या नमाजांचा मान राखून लावतात. म्हणजे शनिवारचा सामना बहुधा सूर्य बुडाल्याशिवाय सुरूच होत नाही. मशिदीत बांग होते, थोड्या वेळाने तिसरा तारा दिसतो, आणि आमचा गडी अल हिलाल क्लबचा निळा मफलर गळ्यात टाकून जिना उतरतो. लंडनचा तीनचा सामनाही हिवाळ्यात इथे सहाला लागतो, शब्बाथ सुटल्यावर. ज्याच्या सोयीचा विचार कुणीही केला नव्हता, त्याचीच सोय इतकी नेटकी झाली.

अडचण एकच, शुक्रवार रात्रीच्या सामन्याची. तेव्हा तो घरी असतो, समोर किद्दूशचा, म्हणजे शब्बाथच्या प्रार्थनेचा, पेला. त्याचीही गंमत पाहा. कोकणात द्राक्षाची दारू कुठून आणायची, म्हणून बेने इस्रायलांनी किद्दूशसाठी काळ्या मनुकांचे सरबत काढले. दारूबंदीच्या या देशात कोकणातली ती जुनी तडजोड कायद्यालाही चालते. सरबत पिऊन तो खिडकीशी बसतो. अल नस्रच्या रोनाल्डोने गोल केला की नाही, हे पाहायला मनाई. पण रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकायला कुठल्याच शास्त्रात मनाई नाही. एखाद्या जुन्या गवयाने तानपुऱ्यावरून राग ओळखावा, तसा तो हॉर्नवरून निकाल ओळखतो आणि शनिवारभर ओळखलाच नाही असा चेहरा करून वावरतो.

शनिवारी रात्री मैदानात आमच्या शेजारच्या खुर्चीवर मी रत्नागिरीचा एखादा मुसलमान बसवतो. त्याचा वार काल झाला, तेल्याचा आत्ताच संपला आणि माझा उद्या कचेरीत जाणार. तिघे मिळून मालवणी मिश्रित मराठीत पंचाला शिव्या घालतो. पुढच्या रांगेत बायका-मुली ओरडत असतात. २०१८ च्या जानेवारीपूर्वी त्यांना या देशातल्या मैदानाचे दार बंद होते; त्यांनी पाहिलेली वाट आमच्यापेक्षा किती लांब!

सगळ्यांना एकच सुट्टी मिळावी, असा हट्ट मी केव्हाच सोडला आहे. तुमच्या शेजाऱ्याचा वार कोणता, तेवढे मात्र विचारून ठेवा. आणि तेल आदल्या दिवशी आणा.