कचऱ्याचे मामलेदार

ठाकूरद्वारापासून लालबागपर्यंत ज्या काही चाळी विकासकांच्या कृपादृष्टीतून अद्याप बचावल्या आहेत, त्यांतील प्रत्येकीच्या एखाद्या मजल्यावर, बहुधा जिन्याच्या तोंडाशीच, कचऱ्याचे एक मामलेदार वास्तव्य करून असतात. हे पद महापालिकेने निर्माण केलेले नाही की चाळ कमिटीने मंजूर केलेले नाही. ते सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी आपोआप प्राप्त होते. ज्या हातांनी उभा जन्म कचेरीतील आवक-जावक सांभाळली, त्यांच्याकडून एकाएकी सारे दप्तर काढून घेतले की काहीतरी वर्गवार लावून ठेवण्याची त्यांना जी अनावर ओढ लागते, तिला स्वयंपाकघर वर्ज्य आणि देवघर सोवळ्यात असल्यामुळे घरात एकच मोकळा मुलूख सापडतो, तो मोरीजवळच्या बादलीचा.

वास्तविक ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा, हा सरकारी हुकूम नवा नव्हे. तो २००० साली निघाला आणि २०१६ साली ‘घरगुती घातक’ नावाचा तिसरा वर्ग सोबत घेऊन अधिक करड्या आवाजात पुन्हा निघाला. परंतु मामलेदार पाडव्याच्या मुहूर्तावर ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा डबा खरेदी करून त्यांची मोरीच्या कठड्याशी स्थापना करतात, तेव्हाच त्या हुकमाचा अंमल हिंदुस्थानात सुरू झाला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. संध्याकाळी भिंतीवर कोष्टक लागते. रात्री जेवताना कुटुंबाला पुनर्वापराचे महत्त्व विशद केले जाते.

कुटुंब ते मेथी निवडता निवडता ऐकून घेते. ज्या घरात फाटक्या लुगड्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे आणि पायपुसण्याचे मोरीतले फडके झाल्यावाचून वस्त्राला मोक्ष मिळाला नाही, जिथे जरीच्या साडीबद्दल बोहारणीकडून पातेले आणि वर हुज्जत घालून एक झाकणी मिळवण्याचा परिपाठ आहे, जिथे करवंट्यांनी बंब पेटले आणि रद्दीच्या पैशांतून दिवाळीची रांगोळी आली, त्या घरातील गृहिणीने या व्याख्यानावर काय बोलावे? ती ‘हो’ म्हणते. चाळीस वर्षांच्या संसारात या एकाक्षरी शस्त्राला तिने चांगलीच धार लावलेली असते.

खरी कसोटी अंमलबजावणीत लागते. करवंटी ओली की सुकी, हा प्रश्न मामलेदार तीन रात्री मनाशी घोळवतात. शेवटी खोबरे चिकटलेली ती ओली आणि खरवडलेली ती सुकी असा निवाडा होतो. आंब्याच्या कोयीवर वैशाखभर सुनावणी चालते आणि निकाल लागण्यापूर्वी मोसम संपतो. सुनेच्या वेणीतला गजरा म्हणजे तर निव्वळ संयुक्त मालमत्ता! फुले ओली, दोरा सुका; सबब रोज रात्री दिव्याखाली बसून हे गृहस्थ दादरच्या फूलबाजारात कुणा माउलीने ओवलेला गजरा उलट्या क्रमाने सोडवीत असतात. देवावरचे हार मात्र कोष्टकात येत नाहीत, कारण निर्माल्याला कचरा म्हणण्याची त्यांचीही प्राज्ञा नाही. ते गॅलरीतल्या तुळशीच्या बुंध्याशी विसावतात आणि गणपतीत चौपाटीवरच्या निर्माल्य कलशाकडे रवाना होतात.

दुधाच्या पिशवीच्या बाबतीत ते विशेष कठोर आहेत. कोपरा कापावा, पण पिशवीपासून तोडू नये, कारण तो चिमुकला तुकडा हरवतो आणि गटार गाठतो. एवढे सांगून झाले की आरोपीला २६ जुलै २००५ च्या प्रलयाचा साद्यंत वृत्तान्त ऐकावा लागतो; मग त्याने सकाळी फक्त चहासाठी घाईने पिशवी फोडलेली असली तरी बेहत्तर. धुतलेल्या पिशव्या गॅलरीतल्या तारेवर, मामलेदारांच्या गंजीफ्रॉकाशेजारी, चिमट्यांना लटकत असतात.

माळ्याविषयी मात्र बोलू नये. तिथे २०१८ च्या बंदीपूर्वीचे थर्माकोलचे मखर आहे, बंद पडलेले दोन रेडिओ आहेत, टोपणांवाचून पेने आणि पेनांवाचून टोपणे आहेत. त्या साऱ्यावर ‘विचाराधीन’ असा शेरा आहे.

दर रविवारी कचरावेचक बाई सुका माल न्यायला येतात. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संस्थांनी अशा भगिनींना संघटित करून ओळखपत्रे मिळवून दिली, हे मामलेदारांना ठाऊक आहे आणि त्यांना बसायला ते पाट देतात. बाई पाटावर बसत नाहीत. त्यांना वेळ नसतो. एकेक पिशवी बोटांत चुरगाळून त्या तिचा आवाज ऐकतात आणि माल झरझर वेगळा करतात. हा माल पुढे भंगारवाल्याकडून धारावीच्या तेरा कंपाउंडात जाणार, तिथे त्याचा चुरा होणार, चुऱ्याचा दाणा होणार, आणि दाण्यातून कदाचित मामलेदारांचीच पुढची निळी बादली अवतरणार. परवा बाईंनी एक गठ्ठा बाजूला सारला. वेफर्सची पाकिटे होती. मामलेदारांनी ती कडेला कडा जुळवून, धुऊन, वाळवून, सुतळीने बांधून ठेवली होती.

“काका, हे कुणी घेत नाही. आत चांदीचा थर असतो.”

“अहो, पण स्वच्छ आहेत.”

“स्वच्छ आहेत, पण भाव नाही.”

आयुष्यभर कुठल्याही कागदाला कुठल्यातरी खात्यात जागा असतेच, या श्रद्धेवर ज्याने नोकरी केली, त्याच्या मुखावर त्या क्षणी जे भाव उमटले त्यांचे वर्णन माझ्याने करवत नाही. बाई जिना उतरून गेल्यावर आतून, मेथीच्या जुडीवरून मान वर न करता, कुटुंब एवढेच म्हणाले, “अहो, माळ्यावर ठेवा की. विचाराधीन.”

त्याच संध्याकाळी नातवंडांसाठी वेफर्सच्या पाकिटांवर कायमची बंदी जाहीर झाली आणि मामलेदार स्टीलचा डबा घेऊन फरसाणवाल्याच्या दुकानी उभे राहिले. आधी रिकाम्या डब्याचे वजन करावे, मग भरलेल्या डब्याचे करावे, मग वजाबाकी करावी आणि ती गिऱ्हाइकाला दाखवावी, असा त्यांचा आग्रह होता. मागे रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि मामलेदार फरसाणवाल्याकडे वजाबाकी लिहायला कागद मागत होते. पाठकोरा, म्हणजे नवा फुकट जाणार नाही.