बुडालेल्या गाडीचं भाग्य

अमेरिकेत ठोकलेल्या गाडीचं नशीब पूर्वी फार नीरस असे. विमा कंपनी तिला टोटल लॉसमध्ये काढी, कोपार्टच्या ऑनलाइन लिलावात ती येई, एखादा मेकॅनिक ती गुपचूप उचलून, डेंटिंग-पेंटिंग करून, चार पैसे सुटतील अशी विकून टाकी. यात कुणाची करमणूक होत नसे. सुदैवाने यूट्यूबर आले.

त्यांनी या धंद्याला उदात्त तत्त्व दिलं: गाडी जितकी खलास, तितकी मोलाची. सप्टेंबर 2022 मध्ये इयन चक्रीवादळाने फ्लोरिडातल्या नेपल्स इथे मॅक्लारेन पी1 ही हायब्रिड सुपरकार बुडवली. जगभरात अशा गाड्या अवघ्या 375. अशा गाडीत खारं पाणी शिरलं की वायरिंगपासून बॅटरीपर्यंत सगळ्याचीच वाट. ‘टाव्हारिश’ चॅनेलच्या फ्रेडी हर्नांडेझ यांनी ती लिलावात पाच लाखांहून अधिक डॉलर मोजून घेतली. एवढ्या पैशांत दुसरी एखादी चालती गाडी आली असती, हे खरंच. पण चालत्या गाडीचे एपिसोड किती निघणार?

यूट्यूबर डग डीम्युरो यांनी तर आधी वर्षानुवर्षं गाड्यांना गुण दिले आणि 2020 मध्ये ‘कार्स अँड बिड्स’ ही स्वतःचीच लिलावपेठ उघडली. परीक्षकानेच दुकान मांडलं की गिऱ्हाइकाला दोन दारं झिजवावी लागत नाहीत. गुंतवणूकदारांनाही ही सोय पटली.

खरा गौरव मात्र प्रेक्षकाचा. महिनोन्महिन्यांची दुरुस्ती वीस मिनिटांत पाहून तो रात्री मोबाइलवर बोली लावतो. फोटोत सीटवर गाळाची रेघ, हेडलाइटमध्ये पाणी, लोंबकळणारी एअरबॅग. आणि खाली शेरा: ‘रन अँड ड्राइव्ह’. म्हणजे यार्डात आली तेव्हा सुरू झाली, गिअर पडला, जागची हलली. न्यायला जाल तेव्हा हलेलच, अशी हमी नाही. भक्त हमी मागत नसतो. बोलीवर लिलावाची फी चढते, यार्डाची चढते, ट्रेलरचं भाडं चढतं. यूट्यूबरचा तोटा जाहिराती भरून काढतात. याचा तोटा हा स्वतः भरतो, तोही विनातक्रार. केवढं हे स्वावलंबन!

गाडी पुढे धडधाकट झाली तरी कागदावरचा ‘सॅल्व्हेज’चा, म्हणजे एकदा टोटल लॉसमध्ये निघाल्याचा, इतिहास पुसला जात नाही. म्हणून काही जण मधेच हात टेकतात आणि ‘थोडंच काम बाकी’ असं लिहून ती पुन्हा विकायला काढतात. तिथेही बोली लावणारे हजर असतात. त्यात यूट्यूबरही असतात, कारण दुसऱ्याने अर्धवट सोडलेल्या गाडीचा व्हिडिओ आणखी चांगला चालतो.