सातशेची किटली, सात जणांची समिती

आमच्या ऑफिसात इलेक्ट्रिक किटली घ्यायचं ठरलं आणि लगेच सात जणांची समिती बसली. बजेट सातशे रुपये. चर्चा मात्र रणगाडा घ्यायचा असल्यासारखी. एकाला निळा दिवा लागणारी हवी, दुसऱ्याला काचेची, म्हणजे पाणी उकळताना दिसेल. जणू आजवर ते चोरून उकळत होतं!

आयएसआय मार्क आहे का, आतून स्टील आहे की प्लास्टिक, घासायला हात आत जातो का, हे कुणी विचारलंच नाही. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. ती आम्ही सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डवर तीन कॉम्प्युटरांच्या पंगतीला बसवली. फ्यूज उडाला, तेव्हा दोष कुणाचा? स्वस्त मालाचा!

मग एके दिवशी चहावाले काका रजेवर गेले. कुणीतरी किटलीतच दूध, साखर, चहा पावडर घातली आणि झाकण उघडंच ठेवलं. वाफ आतल्या पट्टीला लागली तरच बटण टकन पडतं. उघड्या झाकणाने पट्टीला काय स्वप्न पडणार? दूध उतू गेलं, उरलेलं तळाला करपलं. आता त्यात साधं पाणीही बासुंदीचा वास घेऊन येतं.

लिटरभर पाणी सातशेच्या किटलीत चारेक मिनिटांत उकळतं आणि तेवढ्याच वॅटच्या तीन हजारांच्या किटलीतही. तेव्हा स्टील बघा, रुंद तोंड बघा, १६ अँपिअरचा सॉकेट बघा. आणि दूध? ते पातेल्यातच तापवा.