फिर्याद, जबानी आणि ब्रह्म

अलीकडे माझे वाचन शांकरभाष्य आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा या दोन टोकांमध्ये हेलकावे खात असल्यामुळे, माझा एक पाय काशीत आणि दुसरा गिरगावच्या वाचनालयात आहे, असे स्नेही म्हणतात. परंतु दोन्ही प्रकारचे ग्रंथ सारख्याच भक्तिभावाने उशाशी ठेवणाऱ्या मनुष्याला त्यांच्यात पानांच्या जाडीखेरीज फारसा भेद आढळत नाही.

अर्नाळकरांच्या कथेत गुन्हा घडतो, संशयितांची रांग लागते आणि त्यांचा नायक झुंजार एकेकाचा निकाल लावीत जातो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरील भाष्यात शंकराचार्यांनी तरी वेगळे काय केले आहे? जग कोणी उत्पन्न केले, या फिर्यादीत सांख्य प्रधानाकडे, म्हणजे मूळ प्रकृतीकडे, बोट दाखवितो, वैशेषिक परमाणूंकडे. आणि आचार्य प्रत्येकाची जबानी इतक्या इमानाने नोंदवून घेतात की, पूर्वपक्ष संपेपर्यंत माझ्यासारखा भोळा वाचक त्याच पक्षाला जाऊन मिळालेला असतो. मग उलटतपासणी सुरू होते. अचेतन दूध जसे वासरासाठी आपोआप पाझरते, तसे अचेतन प्रधान आपोआप जग घडविते, असे सांख्य सांगतो. त्यावर आचार्य शांतपणे गाईलाच साक्षीस बोलावितात. वासरावर माया करणारी ती सचेतन गाय तेथे उभी असताना दूध आपोआप पाझरले कसे? याहून सफाईने झुंजारने कोणाची जबानी मोडल्याचे मला स्मरत नाही.

भेद पडतो तो फैसल्यात. झुंजार गुन्हेगार हजर करतो; आचार्य मात्र एवढा तपास करून, परमार्थतः गुन्हा घडलाच नाही, सबब मुद्देमालही मिथ्या, असा निर्णय देऊन मोकळे होतात. या निर्णयावर वकिलीची पदवी घेतलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगातून अपील केले. १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी अद्वैताचा भाग कायम ठेवला, संन्यासाची शिक्षा तेवढी रद्द करविली. जग मिथ्या ठरले तरी कामावर हजर राहिलेच पाहिजे, हे त्याचे तात्पर्य आमच्या कचेरीतील साहेबांना, त्यांनी तो ग्रंथ उघडलाही नसताना, पूर्णपणे मान्य आहे.

म्हणून मुलांच्या हातातील झुंजारकथा हिसकावून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांस विनंती की, त्यांनी थोडा धीर धरावा. मुले उत्तरपक्षाचाच अभ्यास करीत आहेत. आणि ज्या वडीलधाऱ्यांना भाष्याची धास्ती वाटते, त्यांनी आरंभाच्या वाटेस न जाता थेट दुसऱ्या अध्यायाचा दुसरा पाद उघडावा. सर्व संशयित तेथे ओळीने उभे आहेत.